अंगातली चरबी आणि व्हिटॅमिन डी: आकडा का चढत नाही, आणि काय करायचं

एकाच घरातल्या दोघांना व्हिटॅमिन डीची कमतरता निघते. दोघांना आठवड्याला एक पुडी, असा आठ आठवड्यांचा तोच कोर्स मिळतो. तीन महिन्यांनी एकाचा रक्तातल्या डीचा आकडा (नॅनोग्रॅम प्रति मिलीमध्ये) 38 वर पोहोचतो आणि दुसऱ्याचा 21 वर अडकतो. दुसऱ्याने औषध चुकवलेलं नसतं. बऱ्याचदा फरक वजनाचा, आणि त्यातही अंगावरच्या चरबीचा असतो. औषधाची चिठ्ठी लिहिताना वजन विचारलं जात नाही आणि पेशंटही सांगत नाही. या लेखात हे गणित पायरीपायरीने मांडलं आहे. मात्र डोस ठरवणं आणि बदलणं डॉक्टरांशी बोलूनच करायचं.

चरबी नेमकं काय करते

व्हिटॅमिन डी मेदात विरघळतं. त्वचेत उन्हातल्या यूव्हीबी किरणांनी तयार झालेलं किंवा गोळीतून आलेलं डी3 रक्तात उतरलं, की त्याचा एक भाग यकृताकडे जातो आणि एक भाग चरबीच्या पेशींत शिरतो. यकृतात त्याचं 25-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी होतं आणि रिपोर्टवर आपण तोच आकडा वाचतो. पुढे मूत्रपिंड गरजेप्रमाणे त्याचं कॅल्सिट्रिऑल बनवतं. आतड्यातून कॅल्शियम शोषून घेण्याचं काम हे कॅल्सिट्रिऑल करवून घेतं.

चार माणसांच्या आमटीला पुरणारं मीठ दहा माणसांच्या आमटीत टाकलं तर ती अळणी लागते. मोठ्या शरीरात डीचं तसंच होतं: तेवढाच डोस जास्त मेदात, जास्त स्नायूत आणि जास्त रक्तात वाटला जातो, म्हणून रक्तातली पातळी कमी दिसते. पूर्वी चरबी डी 'अडकवून ठेवते' असा समज होता. 2012 पासूनच्या अभ्यासांनी या विरळ होण्याच्या स्पष्टीकरणाला जास्त बळ दिलं. दोन्ही गोष्टी काही प्रमाणात खऱ्या आहेत. चरबीत गेलेलं डी कायमचं हरवत नाही, पण ते हळूहळू आणि बेभरवशाने बाहेर येतं.

बॉस्टनमधल्या संशोधकांनी 2000 साली एक साधा प्रयोग केला. सडपातळ आणि लठ्ठ व्यक्तींना यूव्हीबीचा सारखाच डोस दिला. त्वचेत डी बनवणारा कच्चा माल दोन्ही गटांत जवळपास सारखाच होता, तरी लठ्ठ गटाच्या रक्तातल्या डी3 ची वाढ 57 टक्के कमी भरली. त्वचा आपलं काम करत होती, माल रक्तापर्यंत कमी पोहोचत होता. उंदरांवरच्या प्रयोगांत आणखी एक कारण पुढे आलं आहे: लठ्ठपणात यकृतातलं सीवायपी2आर1 हे एन्झाइम मंदावतं, म्हणून डी3 चं 25-हायड्रॉक्सीत रूपांतरही कमी होतं.

'डी कमी आहे म्हणून वजन वाढलं का?' हा प्रश्न हमखास येतो. 2013 मध्ये सुमारे 42 हजार लोकांच्या जनुकीय माहितीवरून हे तपासलं गेलं. बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) 10 टक्के जास्त असेल तर डी साधारण 4 टक्के कमी असतं, पण डी कमी असल्याने वजन वाढतं याचा पुरावा मिळाला नाही. म्हणजे डीच्या गोळ्यांनी वजन उतरेल या आशेवर पैसे घालवू नयेत.

पायरी 1: वजनापेक्षा चरबी मोजा

आपल्याकडे ही पायरी फार महत्त्वाची आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनमधले प्रा. जॉन युडकिन यांनी 2004 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःची तुलना छापली. दोघांचा बीएमआय तोच, 22.3. युडकिन यांच्या अंगात चरबी 9.1 टक्के, तर याज्ञिक यांच्या अंगात 21.2 टक्के. बारीक दिसणाऱ्या भारतीय शरीरातही चरबी जास्त असू शकते, म्हणून 'मी कुठे जाड आहे?' या प्रश्नाचं उत्तर आरशाकडून घेऊ नये.

शिवणकामाची टेप घ्या. शेवटच्या बरगडीची खालची कड आणि कमरेच्या हाडाची वरची कड यांच्या बरोबर मधोमध, उघड्या अंगावर, टेप जमिनीला समांतर धरा. श्वास सहज बाहेर सोडून झाला की आकडा वाचा. पोट आत ओढायचं नाही आणि टेप कातडीत रुतू द्यायची नाही. पँटचा कंबरपट्टा पोटाखाली सरकलेला असतो, त्यामुळे पँटचा नंबर म्हणजे कंबरेचा घेर नव्हे. पुरुषांत 90 सेंमी आणि स्त्रियांत 80 सेंमी ही भारतीयांसाठीची मर्यादा आहे. बीएमआयसाठी वजन किलोत घेऊन त्याला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागा. 23 च्या वर जादा वजन आणि 25 पासून पुढे लठ्ठपणा, असे निकष आपल्यासाठी वापरतात. युरोपातले 25 आणि 30 हे आकडे आपल्याला लावले तर धोका दिसतच नाही.

घरच्या वजनकाट्यावर दिसणारी चरबीची टक्केवारी पाण्याच्या प्रमाणावर हलते. जेवणानंतर, व्यायामानंतर किंवा पाळीच्या दिवसांत ती वेगळी येते. तोच काटा, सकाळची तीच वेळ आणि रिकामं पोट, एवढं पाळलं तर वर-खाली जाण्याचा कल कळतो. त्यापलीकडे त्या आकड्यावर विसंबू नका.

पायरी 2: तपासणी, आणि तीही बरोबर

लठ्ठपणा आहे एवढ्याच कारणाने प्रत्येकाने डी तपासावं असं नाही. अमेरिकेच्या एंडोक्राइन सोसायटीने (हार्मोनतज्ज्ञांच्या संघटनेने) 2024 च्या मार्गदर्शक सूचनांत अशा सरसकट तपासणीच्या विरोधात मत दिलं आहे. हाडं किंवा स्नायू दुखत असतील, मांड्या-खांद्यांत अशक्तपणा असेल, हाड सहज मोडलं असेल, फिट्सच्या किंवा टीबीच्या गोळ्या चालू असतील, वजनाची शस्त्रक्रिया झाली असेल किंवा व्हायची असेल, तर मात्र तपासावं.

लॅबमध्ये '25-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी, टोटल' हेच नाव सांगा. '1,25-डायहायड्रॉक्सी' ही वेगळी आणि महाग तपासणी आहे. डी कमी असतानाही ती नॉर्मल किंवा वाढलेली येऊ शकते, त्यामुळे कमतरता ओळखायला तिचा उपयोग नाही. उपाशीपोटी जायची गरज नाही. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर लॅबला आधी सांगा. काही यंत्रांत बायोटिनमुळे डीचा आकडा खोटा चढतो. जास्त डोसचं बायोटिन दोन-तीन दिवस आधी बंद करायला सांगतात.

त्याच रक्तात कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फेटेज आणि क्रिएटिनिन बघून घ्यावं. लठ्ठपणात पीटीएचची (कॅल्शियम कमी पडलं की वाढणाऱ्या पॅराथायरॉइड हार्मोनची) जोड विशेष उपयोगी पडते. डी 16 आहे पण पीटीएच आणि अल्कलाइन फॉस्फेटेज नॉर्मल आहेत, तर घाबरून मोठे डोस मारायचं कारण नाही. डी 16 आणि पीटीएच वाढलेलं असेल, तर शरीराला कमतरता खरोखर जाणवते आहे. मूळ कॅल्शियमच वाढलेलं असेल, तर डी सुरू करण्याआधी त्याचं कारण शोधायला हवं.

पायरी 3: रिपोर्ट वाचणं

भारतातले रिपोर्ट बहुधा नॅनोग्रॅम प्रति मिलीमध्ये असतात, तर ब्रिटन, कॅनडा आणि ऑस्ट्रेलियात नॅनोमोल प्रति लिटरमध्ये. नॅनोग्रॅमला 2.5 ने गुणलं की नॅनोमोल मिळतात. लंडनच्या मुलाचा '50' आणि नाशिकच्या वडिलांचा '20' हे एकच आहेत. डोसमध्ये 1 मायक्रोग्रॅम म्हणजे 40 आययू (आंतरराष्ट्रीय एकक).

नॅनोग्रॅममध्ये 12 च्या खालचा आकडा गंभीर कमतरतेचा मानतात. बहुतेकांच्या हाडांना 20 पुरतात. अनेक लॅब 30 च्या खाली लाल खूण करतात. हा 30 चा निकष ज्या एंडोक्राइन सोसायटीने 2011 मध्ये दिला होता, तिनेच 2024 मध्ये तो पुढे चालू ठेवला नाही. त्यामुळे 26 आकडा आलेल्या, काहीही त्रास नसलेल्या माणसाने झोप उडवून घेऊ नये. लठ्ठ व्यक्तीत 40-50 चा हट्ट धरला तर डोस नको तितके चढतात, आणि त्याचा फायदा सिद्ध झालेला नाही.

पायरी 4: डोसचं गणित

आपल्याकडची नेहमीची पुडी किंवा कॅप्सूल 60,000 आययूची असते. आठवड्याला एक म्हणजे दिवसाला सुमारे 8,570 आययू, तर महिन्याला एक म्हणजे दिवसाला सुमारे 2,000. आठ आठवड्यांचा कोर्स एकूण 4,80,000 आययूचा होतो. 60 किलोच्या माणसाला तो किलोमागे 8,000 पडतो आणि 95 किलोच्या माणसाला जेमतेम 5,050.

नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी 2010 मध्ये वजनावर आधारलेलं एक सूत्र मांडलं: एकूण भरपाईचा डोस = 40 × (75 − सध्याची पातळी नॅनोमोलमध्ये) × वजन किलोत. डी 12 नॅनोग्रॅम, म्हणजे 30 नॅनोमोल असेल, तर 62 किलोच्या व्यक्तीला 40 × 45 × 62 = 1,11,600 आययू येतात. 95 किलोच्या व्यक्तीला 1,71,000. या सूत्राने स्वतःचा डोस ठरवू नका, पण त्यातून एक गोष्ट लख्ख दिसते: आठ पुड्यांचा कोर्स वजनदार माणसालाही सुरुवातीच्या भरपाईला बहुधा पुरतो. घोळ होतो तो पुढे. पुड्या संपल्यावर औषध पूर्ण थांबतं, किंवा सगळ्यांना 'महिन्याला एक' असं सांगितलं जातं. 60 किलोला पुरणारा हा चालू डोस 95 किलोला अपुरा ठरतो आणि चार-सहा महिन्यांत आकडा पुन्हा तळाला जातो.

म्हणून डॉक्टरांशी खरी चर्चा या चालू डोसवर करा. निरोगी प्रौढांची रोजची गरज 600 आययू आणि सत्तरीनंतर 800 धरतात. एंडोक्राइन सोसायटीच्या 2011 च्या सूचनांत लठ्ठ व्यक्तींसाठी नेहमीच्या दोन ते तीन पट, म्हणजे कमतरता भरल्यावर दिवसाला 3,000 ते 6,000 आययू सुचवले होते. देखरेखीशिवाय रोज 4,000 च्या वर जाऊ नये, ही मर्यादा लठ्ठ माणसालाही लागू आहे. चालू डोस 2,000 वरून वाढवायचा असेल तर एका टप्प्यात 1,000 वाढवा, तीन महिने थांबा, मग तपासा.

रोजचा किंवा आठवड्याचा डोस, यांपैकी जो चुकत नाही तो चांगला. वर्षातून एकदा प्रचंड डोस मात्र नको. ऑस्ट्रेलियात वयस्क स्त्रियांना वर्षातून एकदा 5,00,000 आययू दिले, तेव्हा पडण्याचं आणि हाड मोडण्याचं प्रमाण उलट वाढलं. 2010 मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. 6 लाखांच्या इंजेक्शनची सवयही याच कारणाने सोडावी. स्नायूतून ते किती आणि कधी रक्तात येईल हे सांगता येत नाही, आणि जाड माणसात सुई बऱ्याचदा स्नायूऐवजी चरबीतच राहते.

पायरी 5: घ्यायचं कसं

जेवणात थोडं तेल-तूप हवं. एका प्रयोगात 50,000 आययूचा डोस मेद असलेल्या जेवणासोबत दिला, तेव्हा रक्तातली उच्च पातळी बिनमेदाच्या जेवणापेक्षा 32 टक्के जास्त आली. सकाळी रिकाम्या पोटी चहाबरोबर घेतलेली पुडी कमी शोषली जाण्याची शक्यता असते. दुपारच्या वरण-भात-तूप-भाजीच्या जेवणानंतर घ्या. पुडी अर्धा कप दुधात ढवळा आणि कपाच्या तळाशी राहिलेली पावडर पुन्हा दूध घालून पिऊन टाका. त्यासाठी तळलेलं खाण्याची गरज नाही, एक-दोन चमचे तूप किंवा मूठभर शेंगदाणे पुरतात.

वजन कमी करण्यासाठी ऑर्लिस्टॅट हे औषध घेत असाल तर ते आतड्यात मेद शोषू देत नाही आणि त्याबरोबर डीही निघून जातं. दोन औषधांत किमान दोन तासांचं अंतर ठेवा. अशा वेळी मात्र डीची वेळ रात्री झोपताना ठेवणं सगळ्यांत सोयीचं.

औषधाच्या दुकानात एक गफलत नेहमी होते. कॅल्शियमच्या अनेक गोळ्यांत 'कॅल्सिट्रिऑल 0.25 मायक्रोग्रॅम' असतं. त्याला लोक व्हिटॅमिन डी समजतात आणि पुड्या बंद करतात. कॅल्सिट्रिऑल ही पुढची, तयार अवस्था आहे. त्याने 25-हायड्रॉक्सीचा साठा भरत नाही आणि रिपोर्टचा आकडाही चढत नाही. पाकिटावर 'कोलेकॅल्सिफेरॉल' (म्हणजे डी3) आहे ना, हे बघा.

पायरी 6: ऊन आणि अन्न यांचा हिशेब

'कोवळं ऊन घ्या' हा सल्ला आपल्याकडे घरोघरी मिळतो. सूर्य खाली असताना यूव्हीबी हवेच्या जाड थरात गळून जातं, म्हणून सकाळी सातच्या उन्हात डी जवळपास बनत नाही. सोपी खूण: तुमची सावली तुमच्या उंचीपेक्षा आखूड असेल तेव्हाच डी बऱ्यापैकी बनतं. पुण्यात डिसेंबरातही भर दुपारी सूर्य सुमारे 48 अंशांवर असतो, म्हणजे महाराष्ट्रात आणि गोव्यात बाराही महिने ही वेळ मिळते. अडचण येते ती जून ते सप्टेंबरच्या ढगांची. लंडनमध्ये डिसेंबरात सूर्य पंधरा अंशांच्या आसपासच चढतो, आणि बॉस्टनमध्ये नोव्हेंबर ते फेब्रुवारी त्वचेत डी जवळपास बनत नाही. तिथे राहणाऱ्या सावळ्या, जाड बांध्याच्या मराठी माणसाने हिवाळ्यात गोळीला पर्याय शोधू नये.

अकरा ते दोनच्या दरम्यान हात, पाय, पाठ उघडी ठेवून वीसेक मिनिटं, आठवड्यातून तीन-चारदा, एवढं सावळ्या त्वचेला झेपतं. कातडी लाल किंवा चुरचुरीत व्हायच्या आत सावलीत या. काचेतून यूव्हीबी येत नाही, त्यामुळे गाडीतलं आणि खिडकीतलं ऊन हिशेबात धरू नका. वर सांगितलेला 57 टक्क्यांचा फरक लक्षात घेता, लठ्ठ माणसाने ती तूट जास्त वेळ उन्हात बसून भरून काढायचा प्रयत्न करू नये. भाजेल मात्र नक्की.

अन्नातून मिळतं ते थोडं. एका अंड्याच्या पिवळ्या बलकात 40 आययूच्या आसपास असतं. निळं 'प्लस एफ' चिन्ह असलेल्या फोर्टिफाइड दुधात लिटरमागे 200 ते 300. बांगडा, तारली यांसारखे तेलकट मासे त्यातल्या त्यात चांगले, फक्त ते डीप फ्राय करू नका.

पायरी 7: तीन महिन्यांनी पुन्हा

रक्तातल्या 25-हायड्रॉक्सी डीचं अर्धआयुष्य साधारण दोन ते तीन आठवडे असतं. डोस बदलल्यावर पातळी स्थिरावायला म्हणूनच सुमारे तीन महिने लागतात. महिन्याभरात तपासलं तर अर्धवट चढलेला आकडा दिसतो आणि उगाच डोस वाढवला जातो. शक्यतो त्याच लॅबमध्ये जा, पद्धत बदलली तरी आकडा बदलतो.

आकडा चढलाच नसेल तर आधी सोप्या गोष्टी विचारा. पुड्या खरंच किती घेतल्या? जेवणासोबत घेतल्या का? कॅल्सिट्रिऑल तर नव्हतं? फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, फेनोबार्बिटल किंवा रिफॅम्पिसिन चालू आहे का? ही औषधं डी लवकर मोडतात. जुलाब, तेलकट शौच, सिलिॲक आजार, स्वादुपिंडाचा जुना आजार असेल तर शोषणातच खोट असते. लठ्ठ माणसातला फॅटी लिव्हर सहसा अडथळा होत नाही, पण यकृत फार बिघडलं असेल तर होतो. शोषण किंवा यकृताची अडचण असेल तेव्हा डॉक्टर कॅल्सिफेडिऑल देऊ शकतात. ते 25-हायड्रॉक्सीच असल्याने यकृतातली पायरी वगळतं आणि जाड शरीरातही आकडा लवकर वर नेतं. तेवढ्याच कारणाने त्याचा डोस जपून ठरवावा लागतो.

वजन उतरलं तर

डी वाढतं, पण अपेक्षेपेक्षा कमी. सिएटलमधल्या, पाळी थांबलेल्या 439 स्त्रियांच्या अभ्यासात वजन 5 ते 10 टक्के उतरलेल्यांचं डी 2.7 नॅनोग्रॅमने वाढलं, तर 15 टक्के किंवा जास्त उतरलेल्यांचं 7.7 ने. म्हणजे 90 किलोवरून 84 वर आल्यावर लगेच पुडी सोडायची नाही. 75 च्या आसपास आलात की मात्र पुन्हा तपासून डोस कमी करण्याचा विचार करायचा. जुना मोठा डोस नव्या लहान शरीरात तसाच चालू ठेवणं ही चूक सर्रास होते.

बॅरिॲट्रिक, म्हणजे वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेत याच्या उलट घडतं. गॅस्ट्रिक बायपासमध्ये आतड्याचा शोषणारा भाग टाळला जातो, त्यामुळे वजन उतरूनही डी पडू शकतं. तिथे रोज 3,000 आययूने सुरुवात करतात आणि आकडा 30 च्या वर जाईपर्यंत डोस जुळवत राहतात. सोबत कॅल्शियम सायट्रेट देतात, कारण ते पोटातल्या आम्लावर अवलंबून नसतं. शस्त्रक्रियेआधीच डी भरून घेतलेलं बरं, आणि नंतरची तपासणी आयुष्यभर चालू ठेवायची असते.

जास्त झालं तर

लठ्ठ शरीर मोठा डोस पचवतं म्हणून त्याला विषबाधा होत नाही, असं मुळीच नाही. चरबीत साठलेलं डी औषध थांबवल्यावरही आठवडे, कधी महिने रक्तात येत राहतं. नेहमीची चूक म्हणजे 'आठवड्याला एक' असलेली 60,000 ची पुडी रोज घेणं. घरात दोन-तीन जणांची औषधं असतील तर पाकिटावर वार लिहून ठेवा. मूतखड्याचा त्रास, सार्कॉइडोसिस, टीबी, मूत्रपिंडाचा आजार किंवा रक्तदाबासाठी थायझाइड चालू असेल, तर साधा डोसही डॉक्टरांना विचारूनच.

मळमळ, भूक मरणं, बद्धकोष्ठता, खूप तहान, वारंवार लघवी, सुस्ती किंवा बोलण्यात गोंधळ यांतलं काही दिसलं तर डी आणि कॅल्शियम दोन्ही त्याच दिवशी थांबवा. सीरम कॅल्शियम, क्रिएटिनिन आणि 25-हायड्रॉक्सी डी करून घ्या. गोंधळलेल्या किंवा उलट्या थांबत नसलेल्या माणसाला रिपोर्टची वाट न बघता दवाखान्यात न्या, कारण कॅल्शियम फार चढलं तर सलाइन लावावं लागतं आणि मूत्रपिंड वाचवायला वेळ थोडा असतो. जाताना घेतलेल्या पुड्यांची रिकामी पाकिटं सोबत ठेवा, एकूण डोस त्यावरूनच मोजता येतो.